राजा पैठणचा की उज्जैनचा?

दिवाळीची साफसफाई निघाली की आमच्या घरी दर वर्षी एक तह होतो. माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली येते, तिच्यावरची धूळ झटकली जाते आणि "हे आता रद्दीत द्यायचे का?" असा प्रश्न सौभाग्यवती विचारतात. मी नाही म्हणतो. पेटी पुन्हा माळ्यावर चढते. या पेटीत काही जमिनीचे कागद नाहीत, की कोणाची पत्रे नाहीत. तिच्यात 'चांदोबा'चे जुने अंक आहेत, वेताळपंचविशीच्या चार निरनिराळ्या आवृत्त्या आहेत (त्यांतल्या एकीला दोन्हीकडची पुठ्ठी नाहीत), हिंदीतली एक 'बैताल पच्चीसी' आहे, टॉनीसाहेबाने केलेल्या कथासरित्सागराच्या इंग्रजी भाषांतराचा एक खंड आहे, आणि दूरदर्शनवर १९८५ साली लागलेल्या 'विक्रम और बेताल' या मालिकेच्या तबकड्या आहेत. त्या तबकड्या चालवायचे यंत्र घरात आता उरलेले नाही. तरीही त्या आहेत.

सत्तरी ओलांडलेल्या माणसाने भुताच्या गोष्टींवर इतका जीव लावावा हे शोभत नाही, असे लोक म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण पेटीकडे ज्या नजरेने पाहतात तीत ते असते. मला त्याची लाज वाटत नाही. काही जणांना आयुष्यभर एकच राग आवडतो, काहींना एकच गाव आवडते. मला खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चालणारा एक राजा आवडतो. त्याच्याबद्दल कोणी काहीही नवे लिहिले, काढले, दाखवले, की मी तिथे हजर. आणि हजर झालो की भांडायलाही तयार. "हे असे नाही, मुळात असे आहे," हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा उच्चारले असेल याचा हिशोब नाही. आज लिहायचे आहे ते या वाक्याविषयी.

ते वाक्य मी पहिल्यांदा उच्चारले तेव्हा नऊ वर्षांचा होतो. साल १९६३. आम्ही गंगाखेडला राहत होतो. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात, हे परभणीकडच्या वाचकांना सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. तिचे पाणी पैठणहून येते ही गोष्ट लहान मुलालाही ठाऊक असते, कारण घरातली म्हातारी माणसे नाथषष्ठीला नदीच्या वरच्या अंगाला जातात आणि परत येऊन तिकडच्या गोष्टी सांगतात.

आजी नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री वेताळाची गोष्ट सांगत असे. पहाटे अभ्यंगस्नानाला उठायचे, म्हणून मुलांनी लवकर झोपावे अशी घरातल्या इतर बायकांची इच्छा. पण आजीचे म्हणणे असे की राजा स्मशानात गेला तो वद्य चतुर्दशीच्याच रात्री, तेव्हा ही गोष्ट त्या रात्री सांगायची नाही तर कधी सांगायची? ओसरीवर वाकळी अंथरलेल्या असत. एका कोपऱ्यात कंदील. आम्ही सात-आठ चुलत-मावस भावंडे. आजीला अक्षरओळख नव्हती. तिची गोष्ट तिच्या सासूकडून आलेली, आणि सासूकडे कुठून आली ते गंगेला ठाऊक.

तिच्या गोष्टीतला जोगी हा गोसावी असे, आणि तो राजाला रोज फळ आणून देई. राजा ते न पाहता कोठारात टाकायला सांगे. एक दिवस माकडाच्या हाती फळ लागले, त्याने ते फोडले आणि आतून रत्न निघाले. इथे आजी थांबून आमच्याकडे पाही. इतकी वर्षे रत्ने कोठारात कुजत पडली होती आणि राजाला पत्ता नव्हता, ही गोष्ट आम्हांला भुतापेक्षाही जास्त चटका लावी. तिच्या गोष्टीत वेताळ चिंचेला लोंबकळे. राजा त्याला पाठकुळी घेई, कमरेला भाकरी बांधलेली असे. आणि वेताळ बोले ती भाषा आमच्या घरातली, "कामून गप बसलास रे राजा?" अशी.

त्या वर्षी काकांनी परभणीच्या स्टेशनवरून 'चांदोबा'चा अंक आणला होता. मी तो सात वेळा वाचला होता. त्यातला वेताळ सुरेख, पुस्तकी मराठी बोलत होता. भूत इतके शुद्ध बोलते म्हणजे तेच खरे भूत, अशी माझी खात्री पटली होती. आणि चित्र! उंचापुरा राजा, हातात तलवार, खांद्यावर पांढऱ्या केसांचे ते धूड, मागे वाकडी झाडे आणि कवट्या. ही चित्रे काढणारे शंकर या नावाचे चित्रकार मद्रासला बसून ती काढीत हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. २०२० साली ते वारले तेव्हा मला घरातले कोणी गेल्यासारखे वाटले.

आजीने सुरुवात केली, "पैठणात एक इक्रम राजा होता."

मी म्हणालो, "पैठण नाही. उज्जैन. विक्रम उज्जैनचा होता. मास्तरांनी सांगितले आहे."

"आसंल बाबा," म्हणून आजी पुढे गेली. गोसावी झाला, माकड झाले, चिंच झाली. रात्र चढत गेली. शेवटच्या गोष्टीला आली. बाप आणि मुलगा रानातून जात असतात, वाळूत दोन बायकांची पावले दिसतात, एक मोठे एक लहान. मोठ्या पावलाची बापाने करायची आणि लहान पावलाची मुलाने, असे ठरते. गाठ पडते तेव्हा कळते की मोठे पाऊल लेकीचे आणि लहान पाऊल आईचे! वचन दिलेले, ते मोडता येत नाही. मग त्या दोघींना मुले झाली, त्यांचे एकमेकांशी नाते काय? वेताळाने विचारले, आणि राजा गप्प राहिला.

मी ताडकन उठून बसलो. "खोटे! राजा गप्प बसत नसतो. गप्प बसला तर त्याच्या डोक्याची शकले होतील. राजा दर वेळी उत्तर देतो आणि वेताळ उडून झाडावर जातो. चांदोबात तसेच आहे." आणि अंक आणून मी तो कंदिलाजवळ उघडून धरला. भावंडे हसली. कोणीतरी "आजीला येतच नाही गोष्ट" असेही म्हणाले. मीच म्हणालो असेन. आठवणीने या ठिकाणी माझ्यावर मेहेरबानी केली आहे असा मला संशय आहे.

आजीने अंक हातात घेतला. चित्राकडे बराच वेळ पाहिले. मग तो मला परत दिला आणि म्हणाली, "छापलंय मनल्यावर तेच खरं आसंल, लेकरा. झोपा आता."

पुढच्या वर्षी त्या रात्री ती म्हणाली, "तूच वाच." मी वाचले. त्यानंतर तिने ती गोष्ट कधीही सांगितली नाही. रुसली नव्हती ती. महिन्याच्या महिन्याला नवा अंक आला की माझ्याकडून वाचून घेई, आणि तिच्यासारखा श्रोता मला नंतर मिळाला नाही. मात्र प्रत्येक वेळी वाचून झाले की तिचा एक प्रश्न ठरलेला असे. "ह्या राजाला घरी कधी जाऊ देणार?" मी सांगे, पुढच्या अंकात. पुढच्या अंकात राजा पुन्हा झाडाकडे वळलेला असे.

आता यात गंमत अशी की आजीचा प्रश्न रास्त होता. जुन्या ग्रंथांतल्या पंचवीस गोष्टी मासिकाला किती महिने पुरणार? त्या केव्हाच संपल्या, आणि लेखकमंडळी नव्या रचीत राहिली, वर्षानुवर्षे, शेकड्यांनी. शेवट आला असता तर सदर बंद पडले असते. त्यामुळे राजाला गप्प राहण्याची परवानगीच नव्हती. 'चांदोबा'वर वाढलेल्या माझ्यासारख्या मुलांच्या पिढ्यांना विक्रम-वेताळाची सुरुवात तोंडपाठ होती आणि शेवट असतो हेच ठाऊक नव्हते. शेवटी मासिकच बंद पडले. राजा वाटेतच राहिला.

आजी १९७१ साली गेली. १९७५ साली कॉलेजच्या ग्रंथालयात मला टॉनीचे भाषांतर सापडले. इंग्रजी यथातथाच, बाजूला कोश उघडलेला. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरच्या राणी सूर्यमतीच्या मनोरंजनासाठी हा कथासरित्सागर रचला, एवढे प्रस्तावनेवरून कळले. बाराव्या लंबकात वेताळाची गोष्ट सुरू झाली. पहिलेच वाक्य वाचले आणि कोश मिटून ठेवला. गोदावरीच्या काठी प्रतिष्ठान नावाचे नगर आहे, तिथे त्रिविक्रमसेन नावाचा राजा होता. प्रतिष्ठान म्हणजे पैठण.

उज्जैन नंतरचे. लोकांच्या तोंडी त्रिविक्रमसेनाचा विक्रम झाला, विक्रम म्हटला की उज्जैन आले, आणि आमच्या गंगेकाठचा राजा माळव्यात गेला. (आम्ही वर्षे मोजतो ती पैठणच्या शालिवाहनाच्या शकाने, आणि दिवाळीच्या पाडव्याला गुजराथी शेजारी विक्रम संवताच्या नव्या वह्या पुजतात. त्या दोन राजांचे वैर दंतकथांत प्रसिद्धच आहे. तेव्हा हा राजा पळवला गेल्याबद्दल पैठणकरांनी तक्रार करायला हरकत नाही.) मी घाईघाईने शेवटाकडे गेलो. बाप, मुलगा, दोन पावले. राजाला उत्तर येत नाही, तो मुकाट चालत राहतो. वेताळ प्रसन्न होतो, कारण इतक्या फेऱ्यांनंतरही हा न कंटाळता चालतो आहे आणि जे माहीत नाही ते माहीत असल्याचे सोंग करीत नाही. मग तो जोग्याचा डाव राजाला सांगतो: तो तुला साष्टांग नमस्कार घाल म्हणेल, तेव्हा तू म्हण, मी राजा आहे, मला नमस्कार घालता येत नाही, आधी तू करून दाखव. पुढचे वाचक जाणतातच. राजा घरी जातो.

शाप असा होता की उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोके फुटेल. माहीत नसताना गप्प राहणाऱ्याला काहीच होत नव्हते. हे मी सात वेळा वाचले होते आणि एकदाही माझ्या ध्यानात आले नव्हते. आजीच्या ध्यानात होते. तिने ते त्या रात्री सांगितले नाही, एवढेच.

त्या दिवशी ग्रंथालयातून बाहेर पडलो तेव्हा जे वाटले त्याला पश्चात्ताप म्हणण्याची माझी तयारी होती. आजी खरी होती आणि मी खोटा. पण पुढे काही वर्षांनी या पश्चात्तापातही मला एक लबाडी दिसू लागली, आणि तीच मला अधिक छळते.

खरे सांगायचे तर आजी सगळ्याच राजांना पैठणला बसवीत असे. हरिश्चंद्र तिच्या मते पैठणचा. नळ राजा पैठणचा. एकदा तर रावणाचे आजोळ तिने पैठणला आणले होते. तिने पाहिलेले मोठे गाव तेवढेच, तेव्हा राजा आणखी कुठे राहणार? म्हणजे वेताळाच्या गोष्टीत ती बरोबर ठरली ते कदाचित योगायोगाने. नऊशे वर्षांपूर्वीच्या काश्मिरी पंडिताचे वाक्य सासूसुनांच्या तोंडून वाहत आमच्या ओसरीपर्यंत आले, असे मानायला मला आवडेल. पण त्याला पुरावा नाही. मग समजा, सोमदेवाने पहिल्या वाक्यात उज्जैन लिहिले असते. समजा, शेवटच्या गोष्टीत राजाने उत्तर दिले असते. तर मी त्या रात्री जे केले ते योग्य ठरले असते काय?

माझा पश्चात्ताप आजी बरोबर निघाली म्हणून झाला. ती चुकीची निघाली असती तर मी आजही ती हकिकत कौतुकाने सांगत असतो, की पाहा, नऊ वर्षांचा असताना मी कसा अचूक वाचक होतो! वेताळाने जाणून गप्प राहणाऱ्याला शिक्षा सांगितली आहे. दुसऱ्याला गप्प करणाऱ्याला त्याने कुठलीही शिक्षा सांगितलेली नाही. हा शापातला दोष समजावा की शहाणपण, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

एखाद्या गोष्टीवर आपले प्रेम आहे, म्हणजे तिच्यावर आपला अधिकार आहे, असे आपण धरून चालतो. माणसांच्या बाबतीत हा समज किती घातक आहे ते आपल्याला निदान तत्त्वतः कळते. गोष्टींच्या बाबतीत मात्र तो सद्गुण मानला जातो. मूळ रूप जपणारा तो खरा भक्त, आणि बदल करणारा तो चोर किंवा अडाणी. मीही असेच मानीत आलो. पण या गोष्टीचे मूळ शोधायला गेलो आणि पायाखालची वाळू सरकू लागली.

सोमदेव आरंभीच शपथ घेतो की मी मुळाला धरूनच सांगत आहे, जरासुद्धा सुटलेलो नाही. फक्त थोडक्यात सांगितले आहे आणि भाषा तेवढी वेगळी आहे. मूळ म्हणजे गुणाढ्याची बृहत्कथा. ही बृहत्कथा आज कुठेही उपलब्ध नाही. आणि ती असती तरी वेताळाच्या गोष्टी तीत नव्हत्याच, त्या काश्मिरात मागाहून शिरल्या, असे पुष्कळ विद्वान मानतात. म्हणजे पहिला शपथ घेणाराच मुळाला धरून नव्हता! पुढे शिवदासाची वेगळी, जंभलदत्ताची वेगळी. मराठीत सदाशिव काशिनाथ छत्रे यांची १८३० सालची वेताळपंचविशी. इंग्रजीत रिचर्ड बर्टन याची १८७० सालची, तिच्यात तर बर्टनच वेताळाच्या तोंडून मनसोक्त बडबडतो. मी ज्याला 'मुळात' म्हणत होतो तो मद्रासला छापलेला एक मासिक अंक होता.

त्या गुणाढ्याची हकिकत इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. तोही आमच्याच काठचा, पैठणच्या सातवाहनाच्या दरबारातला. एकदा राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करीत असता एक राणी थकून म्हणाली, 'मोदकैः', म्हणजे मा उदकैः, पाणी नका उडवू. राजाचे संस्कृत कच्चे. त्याने ताबडतोब मोदकांचे ताट मागवले. (मोदक येईपर्यंत राणीने काय केले असेल याची कल्पना वाचकांनी फराळ करता करता करावी.) राणी हसली, राजाच्या मनाला लागले. संस्कृत शिकायला किती दिवस लागतील? गुणाढ्य म्हणाला सहा वर्षे. शर्ववर्मा नावाचा दुसरा पंडित म्हणाला सहा महिने. गुणाढ्याने पैज लावली: हे घडले तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडीन. घडले. मग तो रानात गेला, आणि उरलेल्या एकाच भाषेत, पैशाचीत, म्हणजे चक्क पिशाचांच्या भाषेत, सात लाख श्लोकांची कथा त्याने स्वतःच्या रक्ताने लिहिली. राजाकडे पाठवली. राजा आता नुकताच संस्कृत शिकलेला! भुतांची भाषा आणि रक्ताची अक्षरे पाहून त्याने ती परत पाठवली. गुणाढ्याने डोंगरावर आग पेटवली आणि एकेक पान मोठ्याने वाचून तो ते आगीत टाकू लागला. रानातली जनावरे भोवती उभी राहून ऐकत होती. चरायचे विसरली, डोळ्यांतून पाणी गाळू लागली, वाळत गेली. राजाच्या ताटातले मांस रुक्ष झाले तेव्हा चौकशी होऊन त्याला कळले. तो धावत आला तोपर्यंत सहा लाख जळाले होते.

लहानपणी मी या कथेतल्या राजाला मूर्ख म्हणत असे. आता म्हणत नाही. नवी नवी शुद्ध भाषा शिकून आलेला माणूस, आणि समोर भुतांच्या भाषेत आलेली गोष्ट. ओसरीवर कंदिलाजवळ अंक उघडून धरलेला मुलगा मला त्या राजाच्या जागी स्वच्छ दिसतो. राजाला निदान एक लाख श्लोक मिळाले. आजीच्या पंचवीस गोष्टींपैकी मला नीट आठवतात त्या चार. बाकीच्या आठवतात त्या छापील.

मग काय, कोणीही काहीही बदलावे? इथे माझा आतला जुना भांडकुदळ जागा होतो, आणि त्याचे सगळेच चुकते असेही मला वाटत नाही. धोब्याच्या गोष्टीचे उदाहरण घ्या. देवीच्या देवळात नवरा आणि भाऊ दोघांनी आपापली डोकी कापून वाहिली. देवीने वर दिला. बिचारीने घाईत डोक्यांची अदलाबदल केली. आता नवरा कोणता? राजा एका वाक्यात निकाल देतो: सर्व गात्रांत मस्तक श्रेष्ठ, म्हणून नवऱ्याचे डोके ज्याला तो नवरा. १९४० साली टोमास मान या जर्मन लेखकाने ही गोष्ट घेतली आणि भावाच्या जागी नवऱ्याचा मित्र घातला. गिरीश कर्नाडांनी त्याचा धागा पकडून १९७१ साली कन्नडात 'हयवदन' लिहिले. खानोलकरांनी ते मराठीत आणले. मी ते प्रथम वाचले तेव्हा माझा संताप झाला होता. भाऊ काढून मित्र घालणारे हे कोण? पण पुस्तक मिटल्यावर झोप येईना. मित्र आला की बाईला निवड करावीशी वाटू शकते, आणि ती वाटली की राजाचा निकाल लटका पडतो. डोके नवऱ्याचे खरे, पण हात? ज्या हातांनी तिला धरायचे ते कोणाचे? राजाने उत्तर देऊन जो प्रश्न मिटवला होता तो या दोघांनी उकरून काढला. वेताळाला हे आवडले असते असे मला वाटते. उलट असेही रूपांतर मी पाहिले आहे, ज्यात राजाचे नाव, नगराचे नाव, झाड, तलवार सगळे जागच्या जागी होते आणि प्रश्न मात्र इतका घाईने उरकला होता की श्वास घ्यायला सवड नव्हती. त्यात एकही चूक दाखवता आली नसती.

दूरदर्शनच्या मालिकेशी मी सुरुवातीला भांडलो. रामानंद सागरांचा बेताल, म्हणजे सज्जन हे नट, मला फारच हसरा वाटला; चांदोबातला वेताळ असा खिदळत नसे. पण रविवारी शेजाऱ्यांच्या घरी दाटीवाटीने बसलेल्या मुलांकडे पाहिले आणि गप्प राहिलो. मुले राजाच्या आधी उत्तर देण्यासाठी ओरडत होती. पुढे १९८७ साली तेच अरुण गोविल श्रीराम झाले, आणि आमच्या गल्लीत विक्रम राजाला पूर्वलक्षी देवपण आले, ही वेगळी गोष्ट.

तेव्हा प्रश्न जिवंत राहिला पाहिजे, बाकीचे बदलू द्यावे, असे एक सूत्र मी मनाशी बांधले होते. सूत्र चांगले आहे. अडचण एवढीच की तेही एक कुलूपच आहे, आणि किल्ली माझ्याच कमरेला. आजीने एखाद्या वर्षी प्रश्नच गाळला असता, दमून, झोप येत होती म्हणून, आणि नुसताच राजा चिंचेखालून चालवला असता, तर काय मी तेव्हा उठून बसायला हवे होते? सूत्राप्रमाणे हवे होते. मन नाही म्हणते. त्या रात्री ओसरीवर गोष्टीइतकेच काहीतरी दुसरेही चालले होते. एक म्हातारी, जिला दिवसभर घरात कोणी काही विचारत नसे, ती त्या दोन तासांपुरती पैठणची मालकीण होती. गोष्ट वाचवण्याच्या नादात ते मी पाहिले नाही. पण मग गोष्टीचे काय, हा प्रश्न उरतोच. सगळेच सांगणाऱ्याच्या मनावर सोडले तर पन्नास वर्षांनी सांगायला काही उरेल का? जळालेले सहा लाख श्लोक कोणाच्या ना कोणाच्या तरी दुराग्रहाअभावीच गेले ना? माळ्यावरची पेटी मी याच भीतीने ठेवली आहे.

गेल्या दिवाळीची गोष्ट. नात आली होती, सहा वर्षांची. आणि तिचा मामेभाऊ, चार वर्षांचा. चतुर्दशीच्या आदल्या रात्री मी आतल्या खोलीत पडलो होतो, दार अर्धे उघडे. बाहेर अंथरुणावर नात त्या लहानग्याला विक्रम-वेताळाची गोष्ट सांगत होती. काही माझ्याकडून ऐकलेली, काही मोबाइलवर पाहिलेली, काही तिची स्वतःची. तिचा राजा परभणीचा होता. वेताळ कडुलिंबावर राहत होता, कारण आमच्या दारात कडुलिंब आहे. राजाने त्याला झाडावरून उतरवले आणि रिक्षात बसवले.

मी ऐकत होतो. रिक्षापर्यंत गप्प राहिलो. मग साठ वर्षांची सवय, तोंडून निघून गेलेच, "अगं, रिक्षात नाही, खांद्यावर."

बाहेर क्षणभर शांतता. मग दारातून तिचे डोके आत आले. बोट ओठांवर.

"आजोबा, बोलू नका ना. तुम्ही बोललात की तो उडून जातो."

मी डोळे मिटून घेतले. बाहेर रिक्षा पुन्हा चालू झाली.